गर्भवतीच्या योनिमार्गातील उपयुक्त जिवाणू : महत्त्व व घ्यावयाची काळजी



जिवाणू म्हणजे केवळ रोग, ही समजूत आता शेतकरी वर्गात राहिलेली नाही. सोयाबीन व हरभऱ्याच्या बियाण्यास रायझोबियमचे जिवाणू संवर्धक चोळणारे, जनावरांसाठी मक्याचा मुरघास करणारे आणि घरी रोज दूध विरजणारे आपण सर्वजण उपयुक्त जिवाणूंचे काम जाणतो. असेच उपयुक्त जिवाणू स्त्रीच्या योनिमार्गात असतात, गरोदरपणात त्यांचा जोर वाढतो आणि गर्भाशयाच्या वाटेवर ते राखण करतात. ही माहिती मात्र फार थोड्या घरांत पोहोचली आहे.

हा विषय लाजेचा समजून टाळला जातो. त्यामुळे अंगावरून पांढरे जाणे, खाज, दुर्गंधी यांसारख्या तक्रारी गर्भवती भगिनी कोणाजवळ बोलत नाहीत. यांतील काही तक्रारींचा संबंध दिवस भरण्यापूर्वी होणाऱ्या बाळंतपणाशी असतो. गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळास अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. सन २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बालके जन्मली आणि त्यांपैकी ३० लाखांहून अधिक एकट्या भारतातील होती. अपुरे दिवस हे नवजात बालकांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. यास्तव या जिवाणूंची ओळख, गरोदरपणात होणारे बदल आणि घरच्या घरी घ्यावयाची काळजी यांची माहिती या लेखात दिली आहे.

मुरघासाचे तत्त्व

मुरघास करताना आपण हिरव्या मक्याची कुट्टी खड्ड्यात दाबून हवाबंद करतो. कुट्टीतील साखरेवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात, सामू ४ च्या आसपास उतरतो आणि त्या आंबटपणात चारा सडविणारे जिवाणू टिकाव धरू शकत नाहीत. आम्ल पुरेसे तयार झाले नाही किंवा हवा शिरली, की मुरघासाला घाण वास येऊ लागतो.

योनिमार्गातील रचना याच तत्त्वावर चालते. मुलगी वयात आल्यावर बीजकोषातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्रवू लागते. त्यामुळे योनिमार्गाचे आतील अस्तर जाड होते व त्या पेशींत ग्लायकोजेन या रूपात शर्करा साठते. जुन्या पेशी गळून पडतात, स्रावातील विकरे ग्लायकोजेनचे लहान शर्करांत विघटन करतात आणि या शर्करांवर लॅक्टोबॅसिलस गटातील जिवाणू वाढतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. निरोगी अवस्थेत योनिमार्गाचा सामू सर्वसाधारणपणे ३.५ ते ४.५ असतो. सामूचा एक अंक उतरला म्हणजे आम्लता दहापट वाढते, हे माती परीक्षणाच्या निमित्ताने आपणास माहीत आहेच. म्हणजे ७ सामू असलेल्या उदासीन पाण्याच्या मानाने ४ सामू असलेला स्राव हजारपट आम्लधर्मी असतो. बाहेरून आलेले बहुतेक घातक जंतू या आंबट वातावरणात वाढू शकत नाहीत.

येथे एक बाब लक्षात घ्यावी. गाय, म्हैस, शेळी या जनावरांत अशी रचना नसते. त्यांच्या योनिमार्गात लॅक्टोबॅसिलसचे प्रमाण अत्यल्प असते व सामू उदासीनच्या जवळपास असतो. लॅक्टोबॅसिलसचे एवढे प्राबल्य सस्तन प्राण्यांत केवळ मानवातच ठळकपणे आढळते. म्हणून जनावरांवरील अनुभव किंवा औषधोपचार घरातील स्त्रीला लागू करू नयेत.

शास्त्रीय अभ्यास

योनिमार्गातील आम्ल व जिवाणू यांचा संबंध जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी सन १८९२ मध्ये दाखवून दिला. त्या काळी बाळंतज्वराने अनेक स्त्रिया दगावत. त्याचे कारण शोधताना गर्भवतींच्या स्रावात त्यांना काडीच्या आकाराचे, आम्ल तयार करणारे जिवाणू आढळले. पुढे हे जिवाणू त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

जिवाणूंची ओळख जनुकांवरून पटविण्याचे तंत्र आल्यानंतर या विषयाला वेग आला. उत्तर अमेरिकेतील ३९६ स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष सन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार योनिमार्गातील जिवाणूंचे पाच प्रमुख गट पडतात. चार गटांत लॅक्टोबॅसिलसच्या क्रिस्पाटस, गॅसेरी, इनर्स व जेन्सेनी या प्रजातींपैकी एकेका प्रजातीचे प्राबल्य असते. पाचव्या गटात लॅक्टोबॅसिलस कमी व इतर अनेक प्रकारचे जिवाणू मिसळलेले असतात. या चार प्रजातींत क्रिस्पाटस ही राखणीस सर्वांत भरवशाची, तर इनर्स ही लवकर जागा सोडणारी मानली जाते. पाचव्या गटातील प्रत्येक स्त्री आजारी असते असे मात्र नाही. अनेक निरोगी स्त्रियांत हाच गट आढळतो.

गरोदरपणात काय बदलते?

गरोदर राहिल्यानंतर इस्ट्रोजेनचे प्रमाण सतत वाढत जाते. पुढील महिन्यांत त्याचा मोठा पुरवठा वारेकडून होतो. अस्तरातील ग्लायकोजेन वाढते, म्हणजे उपयुक्त जिवाणूंना खाद्य भरपूर मिळते. दुसरे असे की मासिक पाळी थांबते. रक्ताचा सामू सुमारे ७.४ असल्याने एरवी दर पाळीत योनिमार्गातील आंबटपणा काही दिवस कमी होतो. गरोदरपणात हा खंड पडत नाही. या दोन्ही कारणांनी बहुतेक गर्भवतींत लॅक्टोबॅसिलसचे प्रमाण वाढते, इतर जिवाणूंची विविधता घटते आणि ही स्थिती महिनोन्महिने स्थिर राहते. शेतात पिकांची विविधता चांगली, असे आपण म्हणतो. येथे मात्र एका उपयुक्त प्रजातीचे दाट पीक उभे असणे हेच हिताचे ठरते.

याच काळात गर्भाशयमुखाशी घट्ट चिकट स्रावाचे बूच तयार होते. बाहेरच्या बाजूस आंबट जिवाणूंची राखण आणि आत हे बूच, अशी गर्भाला दुहेरी तटबंदी लाभते. गरोदरपणात पातळ, पांढरट, दुर्गंधी नसलेला स्राव पूर्वीपेक्षा जास्त जातो तो यामुळेच. तो आजार नव्हे व त्यासाठी औषधाची गरज नाही.

बाळंतपणानंतर चित्र एकदम पालटते. वार पडल्यावर इस्ट्रोजेन झपाट्याने उतरते, काही आठवडे रक्तमिश्रित स्राव जातो आणि लॅक्टोबॅसिलसचे प्रमाण घटते. पूर्वस्थिती येण्यास काही महिने, काही जणींच्या बाबतीत वर्षभरही लागू शकते. ओल्या बाळंतिणीची स्वच्छता व विश्रांती यांना महत्त्व देण्याचे हे एक शास्त्रीय कारण आहे.

संतुलन बिघडल्यास काय होते?

पीक विरळ झाले की तण माजते. त्याचप्रमाणे लॅक्टोबॅसिलस कमी झाले की गार्डनेरेला, प्रीव्होटेला यांसारखे जिवाणू वाढतात व सामू ४.५ च्या वर चढतो. स्राव पातळ, करडा होतो व त्यास मासळीसारखा वास येतो. मात्र सुमारे निम्म्या स्त्रियांत कोणतेही लक्षण दिसत नाही.

हे जिवाणू योनिमार्गातून वर चढून गर्भाशयमुख ओलांडू शकतात. त्यांची काही विकरे संरक्षक स्राव विरघळवितात. गर्भाभोवतीच्या आवरणापर्यंत संसर्ग पोहोचला की शरीर त्याच्याशी लढू लागते, तेथे दाह निर्माण होतो व प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये तयार होतात. हीच द्रव्ये प्रसूतीच्या कळा सुरू करतात. दाहामुळे आवरण कमकुवत होऊन पाणमोट वेळेपूर्वी फुटण्याचाही धोका असतो. असे असंतुलन असलेल्या गर्भवतींत अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असल्याचे अनेक अभ्यासांत आढळून आले आहे. तथापि घाबरून जाऊ नये. असंतुलन असूनही बहुतेक स्त्रिया पूर्ण दिवसांनीच बाळंत होतात. जुळे, उच्च रक्तदाब, लघवीचा संसर्ग, दोन बाळंतपणांतील कमी अंतर, तंबाखू व मिश्री ही कारणेही तितकीच लक्षात घेण्याजोगी आहेत.

भारतात या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी सन २०१५ पासून हरियाणातील गुरुग्राम येथील सिव्हिल हॉस्पिटलमध्ये ‘गर्भिणी’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यात हजारो गर्भवतींची नोंद ठेवून योनिमार्गातील जिवाणूंचाही अभ्यास केला जात आहे.

स्राव कसा ओळखावा?

(१) पातळ किंवा दुधाळ पांढरा, दुर्गंधी व खाज नसलेला स्राव : गरोदरपणातील नेहमीचा. औषधाची गरज नाही.

(२) करडा, पातळ व मासळीसारखा वास : जिवाणूंचे संतुलन बिघडल्याची शक्यता. तपासणी करावी.

(३) दह्याच्या कवड्यांसारखा घट्ट पांढरा, तीव्र खाज व आग : कँडिडा या बुरशीचा संसर्ग. गरोदरपणात व मधुमेहात याचे प्रमाण वाढते. ताप-खोकल्यासाठी प्रतिजैविके घेतल्यावरही हा त्रास उद्भवतो, कारण त्या औषधांनी उपयुक्त जिवाणूही मरतात.

(४) हिरवट-पिवळा, फेसाळ, दुर्गंधीयुक्त : ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीची शक्यता. हा संसर्ग शरीरसंबंधातून होतो. पतीनेही उपचार घेणे आवश्यक असते.

(५) पाण्यासारखा सतत झिरपणारा किंवा रक्तमिश्रित स्राव : पाणमोट फुटली असण्याची शक्यता. वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

वरील लक्षणे केवळ मार्गदर्शनासाठी आहेत. नक्की निदान तपासणीनेच होते. स्रावाचा सामू कागदाच्या पट्टीवर पाहणे व थेंबभर स्राव सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे एवढ्या साध्या चाचण्यांनी बऱ्याच गोष्टी स्पष्ट होतात.

उपचाराबाबत महत्त्वाचे

लक्षणे असलेल्या गर्भवतीस डॉक्टर मेट्रोनिडॅझोल किंवा क्लिंडामायसिन ही औषधे देतात. बुरशीसाठी गरोदरपणात योनिमार्गात ठेवावयाच्या गोळ्या किंवा मलम दिले जाते व फ्लुकोनॅझोलसारखी पोटात घ्यावयाची गोळी टाळली जाते. म्हणून दुकानातून परस्पर औषध आणू नये, शेजारणीच्या गोळ्या घेऊ नयेत आणि आरोग्य केंद्रात गेल्यावर दिवस गेले असल्याचे प्रथम सांगावे.

मग सर्वच गर्भवतींना सरसकट औषध का देऊ नये? फ्रान्समध्ये नेमका हाच प्रयोग झाला. ८४ हजारांहून अधिक गर्भवतींची सुरुवातीच्या महिन्यांत तपासणी करून असंतुलन असलेल्या, परंतु इतर जोखीम नसलेल्या स्त्रियांच्या एका गटास क्लिंडामायसिन व दुसऱ्यास औषधविरहित गोळी देण्यात आली. सन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांत अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीबाबत फरक आढळला नाही. तणनाशकाने तण मरते, परंतु पीक आपोआप उगवत नाही, तशातला हा प्रकार आहे. प्रतिजैविकाने नको असलेले जिवाणू हटले तरी रिकाम्या जागी उपयुक्त जिवाणू स्थिर होतीलच असे नाही. यास्तव लक्षण असल्यास उपचार आणि यापूर्वी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झाली असल्यास डॉक्टरांना त्याची पूर्ण माहिती देणे, हाच योग्य मार्ग होय.

रिकाम्या जागी उपयुक्त जिवाणू पेरण्याचेही प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेत गरोदर नसलेल्या २२८ स्त्रियांवर घेतलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष सन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिजैविकानंतर क्रिस्पाटस जिवाणू योनिमार्गात सोडल्यास १२ आठवड्यांत त्रास उलटण्याचे प्रमाण ४५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आले. हे तत्त्व बीजप्रक्रियेसारखेच आहे. मात्र सदर प्रयोग गर्भवतींवर झालेला नसल्याने तो गरोदरपणातील उपचार समजू नये.

दही खाऊन हे जिवाणू वाढतात का?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. हरभऱ्याचे रायझोबियम सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरत नाही, हे आपण जाणतो. येथेही तसेच आहे. दह्यात वाढणारे जिवाणू व योनिमार्गात वस्ती करणारे जिवाणू वेगवेगळ्या प्रजातींचे आहेत. ताजे दही व ताक हा गर्भवतीसाठी उत्तम आहार आहे. त्यातून प्रथिने व कॅल्शियम मिळते. परंतु तो या तक्रारींवरील उपचार नव्हे. दही, लिंबू, तुरटी, लसूण यांपैकी काहीही योनिमार्गात लावू अथवा ठेवू नये.

बाळाला काय मिळते?

नैसर्गिक प्रसूतीत बाळ जन्मवाटेतून येताना आईचे जिवाणू अंगावर घेऊन येते. शस्त्रक्रियेने जन्मलेल्या बाळाच्या अंगावर सुरुवातीस त्वचेवरील जिवाणूंसारखे जिवाणू जास्त आढळतात. म्हणून काही ठिकाणी आईचा स्राव बाळाच्या अंगास पुसण्याचे प्रयोग झाले. परंतु त्यातून घातक जंतूही बाळास लागू शकत असल्याने अभ्यासाबाहेर असे करू नये, असाच तज्ज्ञांचा सल्ला आहे. बाळाच्या आतड्यात चांगले जिवाणू रुजण्यास आईचे दूध सर्वांत उपयुक्त ठरते. त्यातील काही शर्करा बाळाला पचत नाहीत, त्या बिफिडो जिवाणूंसाठीच असतात. म्हणून बाळंतपण कसेही होवो, पहिल्या तासात चिकाचे दूध पाजावे व सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे.

घरी घ्यावयाची काळजी

(१) बाहेरील भाग दिवसातून एक-दोन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावा. योनिमार्गाच्या आत पाणी, साबण, जंतुनाशक द्रावण, तुरटी किंवा कडुनिंबाचे पाणी घालू नये. आतील स्वच्छता उपयुक्त जिवाणू स्वतः करतात.

(२) शौचानंतर पुढून मागे या दिशेने धुवावे, म्हणजे गुदद्वाराकडील जंतू पुढे येत नाहीत.

(३) सुती अंतर्वस्त्रे वापरावीत व ती आडोशाला न वाळवता कडक उन्हात वाळवावीत.

(४) शेतात काम करताना लघवी रोखून धरू नये, पाणी कमी पिऊ नये. लघवीच्या संसर्गामुळेही दिवसांपूर्वी कळा येऊ शकतात. पहिल्याच तपासणीत लघवीची चाचणी करून घ्यावी.

(५) प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व ठरवून दिलेल्या दिवसांपर्यंत घ्यावीत.

(६) तंबाखू व मिश्री पूर्ण बंद करावी.

(७) दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य केंद्रांत व रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची मोफत तपासणी होते. हे अभियान सन २०१६ पासून सुरू आहे. आशाताईंकडे नाव नोंदवून या तपासणीचा लाभ घ्यावा व स्रावाची तक्रार तेथे मोकळेपणाने सांगावी.

ताप, ओटीपोटात किंवा कंबरेत ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, रक्तस्राव, पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास १०८ किंवा १०२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरातील पुरुषांसाठी

अंगावरून जाणे ही बाईची खोड किंवा वागणुकीचा दोष नव्हे. ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगाचे निष्कर्ष सन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. जिवाणूंच्या असंतुलनासाठी केवळ स्त्रीवर उपचार केल्यास १२ आठवड्यांत ६३ टक्के स्त्रियांत त्रास उलटला. पतीवर किंवा जोडीदारावरही उपचार केल्यावर हे प्रमाण ३५ टक्के राहिले. म्हणजे नवऱ्याच्या शरीरावरही हे जिवाणू वास करतात. डॉक्टरांनी सांगितल्यास त्यांनीही औषध घ्यावे व तपासणीस बरोबर जावे.

तक्रार दाबून ठेवण्याची किंमत आपल्या राज्याने पाहिली आहे. सन २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची शासनाच्या समितीने पाहणी केली. ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अशा अनेक भगिनी पोटदुखी, जादा रक्तस्राव, अंगावरून पांढरे जाणे या तक्रारी घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. फडावर पाण्याची व शौचालयाची सोय नसते, तपासणीला जायचे तर खाडा पडतो. पांढरे जाण्यावर बहुतेक वेळा काही दिवसांच्या औषधाने इलाज होतो. त्यासाठी गर्भाशय काढण्याची गरज नसते. म्हणून शेतावर काम करणाऱ्या प्रत्येक स्त्रीला, ती घरची असो वा मजुरीची, पिण्यास व धुण्यास स्वच्छ पाणी, आडोसा आणि तपासणीसाठी एक दिवसाची सवड देणे ही शेतमालकाचीही जबाबदारी आहे.

थोडक्यात, गर्भाच्या रक्षणासाठी निसर्गाने आंबट जिवाणूंचे एक पीक गर्भाशयाच्या दाराशी उभे केलेले असते. ते पेरावे लागत नाही, खत-पाणी द्यावे लागत नाही. त्यात विनाकारण ढवळाढवळ करू नये, स्रावाचा रंग, वास बदलल्यास ते लपवू नये आणि आठवड्याच्या आत तपासणी करून घ्यावी. एवढी काळजी घेतली तरी आई व बाळ या दोघांचाही मोठा धोका टळू शकतो.